डबाभर किडे

सासऱ्यांनी झाकणाचा डबा सुनेच्या हाती दिला आणि मोठी कामगिरी पार पाडलेल्या मनुष्याप्रमाणे ते बांधावर टेकले.

“घे. सकाळपासून वाकून वाकून कंबरेचा पार काटा ढिला झाला. पण मिरचीची एक ओळ सोडली नाही.”

सुनेने झाकण उघडले. आत काळे, काटेरी, नारिंगी ठिपक्यांचे किडे वळवळत होते. तिच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले.

मिरचीवर मावा, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, पडला होता. तो खाणारे ढालकिडे तिने प्रयोगशाळेतून आणून शेतात सोडले होते. सासऱ्यांना हा प्रकार मुळीच मान्य नव्हता. उद्यापर्यंत फरक न दिसल्यास औषध फवारायचे, असे त्यांनी निक्षून सांगितले होते. तथापि चारचौघांत सुनेची फजिती व्हावी, हेही त्यांच्याने बघवेना. म्हणून आज कोणास न सांगता ते स्वतःच किडे वेचायला आले होते.

“बाबा,” ती हलकेच म्हणाली, “ही ढालकिड्यांचीच पिल्लं आहेत.”

“काहीतरीच! ते कसे लाल, गोल, गुळगुळीत. हे ध्यान कोणावर गेलं मग?”

“लहानपणी अशीच दिसतात. आणि खायला आईबापांच्या वरचढ.”

सासऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

“किती चिरडलीत?” सुनेने भीत भीत विचारले.

“एकही नाही.” ते ओशाळले. “म्हटलं, आधी तुला दाखवावेत. चिरडून टाकले असते, तर एवढे वेचले हे तू खरं मानलं असतंस का?”

सून हसू लागली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

मग दोघांनी मिळून पानापानावर पिल्ले परत सोडली. शेवटचे पिल्लू सासऱ्यांनी माव्याने भरलेल्या पानावर अलगद ठेवले. पिल्लू क्षणभर बावरले, आणि मग समोरच्या माव्यावर तुटून पडले. ऊन रणरणत होते. सासऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्या पानावर सावली धरली.

इतक्यात पाठीवर पंप अडकवलेला फवारणीवाला वाटेवरून ओरडला, “काका, उद्याचं पक्कं ना?”

सासऱ्यांनी मानही वळवली नाही.

“हळू बोल,” ते म्हणाले. “जेवतंय ते.”