तोंड गोड करा

आणखी एक पेढा भारतीच्या तोंडात गेला. तिने तो गालात सरकवला, कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि तोंड पुसायच्या निमित्ताने रुमालात घेतला. कात्रपच्या त्या भरलेल्या हॉलमध्ये कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

बॉक्सिंगमध्ये ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलेली पोरगी. पदक नव्हतं, तरी सत्कार काही संपेनात. नाक्यावरच्या बॅनरवर चार पुढाऱ्यांच्या पायाशी तिचा फोटो होता, पासपोर्टएवढा. शाल, श्रीफळ, मग पेढा. पेढ्याला नाही म्हटलं की माणसं दुखावतात. ऑलिंपिकला गेली नि डोक्यात हवा गेली, असं लगेच बोललं जातं.

आणि उद्या सकाळी भारतीय संघाच्या निवड चाचणीसाठी वजन करायचं होतं. काटा चोपन्न किलोच्या जरासा जरी वर गेला, तर तिची लढत होण्याआधीच संपणार होती. कोच हिंदुराव सर कालपासून पाणीसुद्धा घोटाघोटाने देत होते. आताही ते पहिल्या रांगेत बसून तिच्या गळ्याकडे बघत होते, गिळते की काय म्हणून. भारतीला त्यांचा राग येत नव्हता. कशाचाच येत नव्हता. ती दमली होती. ठोसे खाऊन नाही. शाळेत असल्यापासून अर्धपोटी राहून दमली होती.

"आता ज्या माउलीने हिला घडवलं, तिच्याच हातून तोंड गोड!" सूत्रसंचालक माइकवर ओरडला.

तिची आई चंद्री बारवी धरणाजवळच्या पाड्यावरून नवं लुगडं नेसून आली होती. ती बुजत बुजत स्टेजवर चढली. ताटातला पेढा उचलून तिने हात लेकीच्या तोंडाशी नेला. टाळ्या वाजल्या. बोटं ओठांना लागली, पण बोटांत काहीच नव्हतं.

"नुसता तोंड हालव," आई पुटपुटली. "पेढा माझे मुठीत हाय."

भारती बघतच राहिली. हे आईला कुणी शिकवलं नव्हतं. सणाला पोरगी घरी आली की आधी ती आग्रह करायची. मग नुसतं विचारायची. मग भाताचं पातेलं फडक्याखाली झाकून ठेवू लागली. लेकीला पोटभर वाढायचं नाही, हे त्या बाईने अंगवळणी पाडून घेतलं होतं. भारतीला एकदम भडभडून आलं.

"ताई, इकडे बघा, स्माईल!" फोटोवाला म्हणत होता.

भारतीने आईची मूठ धरली. चंद्रीने ती आणखी आवळली. भारतीने एकेक बोट सोडवलं, पेढा तोंडात टाकला आणि सावकाश चावून गिळला. पहिल्या रांगेत हिंदुराव सर ताडकन उभे राहिले.

"चल आये," ती म्हणाली, "घरी जाऊन भात टाक."