बाजाराची ड्यूटी

"बाजाराच्या दिवशी सकाळची ड्यूटी तुझी," सुनंदा सिस्टरनं सांगितलं आणि चंद्रपूरहून जंगलातल्या दवाखान्यात नव्यानंच आलेल्या रिनानं बिनधास्त रविवार धरला. इथला बाजार बुधवारी भरतो, हे तिला कोण सांगणार? बुधवारी खोलीवर कपडे धूत बसली आणि रात्रभर जागलेल्या सिस्टरलाच दुपारपर्यंत वॉर्ड सांभाळावा लागला. "आली काऊन नाई वं?" सिस्टर तिच्या दाराशी येऊन कडाडली. रिना शरमली, पण सबबी सांगत बसली नाही. सिस्टरला घरी पाठवून तिनं वॉर्ड हाती घेतला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळ्यांच्या ड्यूट्या लिहिताना तिनं प्रत्येक बुधवारवर टोपली काढली. फरशी पुसणारी सुकरीबाई थबकली. वीस वर्षं ती आपली ड्यूटी लोकांना विचारत आली होती. टोपलीवर ओलं बोट ठेवून म्हणाली, "बाजार! हे मले वाचता येते. माह्या सुट्टीवर मोहाचं फूल काढ."