नुसताच दोर

साखऱ्याच्या रस्त्यावर म्हातारं माणूस पायी दिसलं की गाडीवाल्यांना चैन पडत नाही, बसवूनच घेतात. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितल्यापासून सोनाजी शेळी घेऊनच निघत. शेळीसकट कोण बसवणार? शिवाय शुगरचं दुखणंही झाकलं जायचं. आज शेळी व्याली. सवयीनं नुसताच दोर घेऊन ते निघाले. शेजारच्या धम्मदीपची मोटरसायकल कचकन थांबली. “काका, शेळी कुठंय?” “बाळंतीण हाय.” “मंग पायी काहून? बसा.” सोनाजींनी दोर मुठीत आवळला. “न्हाई रं. मला शुगर हाय. चालावं लागतं.” धम्मदीप गाडीवरून उतरला. मग गाडी लिंबाखाली लावून आला. “चला. मलाबी शुगर निघाली मागच्या महिन्यात. घरी अजून सांगितलं न्हाई.” दोघं चालू लागले. मागून जीप येऊन थांबली. “बसा की!” धम्मदीपनंच हात हलवला, “जा रं तू, आमी चालून राहिलो.”