पारा गाळायचं फडकं

खुंटीवर फडकं नव्हतं. दवाखान्यांतली बीपीची जुनी यंत्रं घरी आणून दुरुस्त करणाऱ्या आजोबांनी टेबलाखाली पाहिलं, खोकी उपसली, मग आत हाक मारली, "अगं, माझं पारा गाळायचं फडकं कुठंय?"

"तीन पाण्यांतून काढलं!" आजी आतून म्हणाली. "एवढं मऊसूत कापड, पिळून पिळून वाट लावलीत त्याची. बाळाच्या उशीला अभ्रा शिवला."

आजोबांच्या पायांखालची जमीन सरकली. यंत्रातला मळका पारा त्या फडक्यातून पिळून गाळायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची रीत. पाऱ्याची वाफ लहान मुलांच्या मेंदूवर जाते, असं गेल्याच महिन्यात एका डॉक्टरांनी बजावलं होतं. आजोबांनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं.

ते आतल्या खोलीत धावले. सात महिन्यांचं बाळ त्या उशीवर गाल टेकून गाढ झोपलं होतं. त्यांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं आणि उशी झटकली. शिवणीतून दोन चंदेरी थेंब फरशीवर पडले, फुटले आणि चहूकडे पळाले.

आजी झाडू घेऊन आली.

"झाडू नकोस! आणखी बारीक होईल."

सून ओले केस पुसत आली आणि सगळं ऐकून पांढरीफटक पडली. "किती दिवस झोपतंय ते ह्यावर?"

"झाला असेल आठवडा," आजी म्हणाली. "पण एवढं काय घाबरायचं? हे चाळीस वर्षं त्यात हात घालून बसलेत. काय झालंय यांना? चांगले ठणठणीत आहेत!"

बायकोचं म्हणणं खरं असावं, असं आजोबांना उभ्या आयुष्यात इतकं कधी वाटलं नव्हतं.

"बाबा, आधी त्याचं झबलं काढा."

आजोबांनी बाळाला मांडीवर घेतलं. नाडीची साधी गाठ होती. बोटं गाठीवर गेली, घसरली, पुन्हा गेली. गाठ काही सुटेना. सून त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. मग तिने बाळाला ओढूनच घेतलं.

"बाबा, हात कधीपासून थरथरतात तुमचे?"

"वयानं गं ते..." आजी म्हणाली आणि मध्येच थांबली. मग झाडू तिथेच टाकून ती घरातल्या खिडक्या एकेक करून उघडायला लागली.