आईला झेपेल अशी सहल

“किल्ला नको. आईला चढ झेपणार नाही,” धाकटी म्हणाली आणि तिने यादीतल्या किल्ल्यावर काट मारली. आजवर एकाही शत्रूला दाद न दिलेला किल्ला आईच्या गुडघ्यांपुढे पडला.

“मग संग्रहालय?” थोरल्याने विचारलं.

“तिथे रांग असते. एवढा वेळ ती उभी कशी राहील?”

आई तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्याने इस्त्री करत होती. तासभर तरी झाला असेल. उशांचे अभ्रे संपवून ती आता चादरींकडे वळली होती.

थोरला विमा विकायचा, त्यामुळे त्याला प्रत्येक जिन्यात अपघात दिसे. धाकटी फिजिओथेरपिस्ट. तिला माणसं दिसतच नसत, गुडघे दिसत. वडील गेल्यापासून आई घराबाहेर पडत नाही, ती आतल्या आत झुरते, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. पुरावा पक्का होता. कधीही फोन केला तरी ती उचलायची आणि “घरीच आहे रे, कुठे जाणार?” म्हणायची. बिचारी! म्हणून ही चार दिवसांची सहल. थोरल्याला शहर हवं होतं, कारण तिथे पाहण्यासारखं पुष्कळ आणि हॉस्पिटलं जवळ. धाकटीला खेडं हवं होतं, कारण हवा चांगली आणि जमीन सपाट. तीन रविवार भांडून दोन दिवस शहर, दोन दिवस खेडं असा तह झाला होता.

आज चौथा रविवार. शहर जवळजवळ संपलं होतं. मनोरा उंच म्हणून गेला, जुना बाजार गर्दीचा म्हणून गेला, नाटक उशिरा सुटतं म्हणून गेलं. एक बाग तेवढी उरली होती, तीही बाकांच्या भरवशावर.

“खेड्याचं तरी ठरवून टाकू या,” सून म्हणाली. बुकिंगचं काम तिच्याकडे होतं आणि तिचा पेशन्स कधीच संपला होता. तिने तळ्याकाठच्या एका शेतघराचा फोटो सगळ्यांना दाखवला. “आईंना ही मागची खोली घेऊ. तळमजला. एक पायरीसुद्धा नाही.”

“मागची नको,” आई म्हणाली. “पहाटेपासून बदकं डोकं उठवतात.”

फोटोत बदकं नव्हती.

“तुला काय माहीत?” धाकटीने विचारलं.

“एक रात्र काढली ना तिथे. मग वरची खोली बदलून घेतली.”

“वरची? अगं, तिथे लाकडी जिना आहे!”

“हो ना. मेला करकरतो फार.”

थोरला खुर्चीतून उठला. विम्याशिवाय जिना चढणारी आई त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. “कधी गेली होतीस? एकटी?”

“मागच्या हिवाळ्यात. आणि एकटी कशाला जाईन? किल्लीवाले होते की बरोबर.”

किल्लीवाले म्हणजे खालच्या गल्लीतले कुलूपदुरुस्तीचं दुकान असलेले गृहस्थ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मिशा मात्र अजून रुबाबात. दोन्ही मुलं लहानपणापासून किल्ल्या हरवत आली होती आणि किल्लीवाले त्या बनवून देत आले होते. थोरल्याला एकदम आठवलं, या घराच्या दाराची किल्लीसुद्धा त्यांच्याच हातची.

“काकांबरोबर?” त्याने विचारलं.

“तुमचे काका. माझे कोण लागतात ते अजून ठरायचंय.”

आईच्या चेहऱ्यावर लाजबीज काही नव्हतं. तिची सगळी नोकरी प्रसूतिगृहात झालेली. अर्ध्या गावाला तिने जन्मल्याबरोबर उघडंनागडं पाहिलं होतं. लोक काय म्हणतील ही भीती तिला कधी शिवलीच नव्हती.

“आई, मग काकांना धरून खोल्या किती घेऊ?” सुनेने फोनवरून नजर न काढता विचारलं. काढली असती तर हसू फुटलं असतं.

“तीन पुरतील.”

थोरल्याने मनातल्या मनात हिशेब मांडला. एक आपली, एक बहिणीची. तिसऱ्या खोलीपाशी त्याचे कान लाल झाले. पण त्याला खरंच लागलं होतं. गेलं वर्षभर तो आईच्या काळजीने अर्धा झाला होता. आई खिडकीशी एकटी बसलेली त्याला स्वप्नात दिसायची.

“आम्ही इथे जिवाचं रान करतोय, तुला बाहेर काढायचं म्हणून,” तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. “आणि तू खुशाल फिरून येतेस? निदान सांगायचं तरी होतंस!”

आईने इस्त्री बंद केली. ती त्याच्याजवळ आली आणि नुकत्याच जन्मून पहिला टाहो फोडणाऱ्या पोराकडे बघावं तितक्या मायेने तिने त्याच्याकडे पाहिलं.

“सांगितलं असतं रे,” ती म्हणाली, “पण मग तुम्हीही आला असतात.”