शेजारणीचा खून

नवी कादंबरी काखोटीला मारून शेजारीण इडिथ तरातरा येताना दिसली, तशी लोर्ना धास्तावली. ओहायोतल्या त्या लहानशा गावात बसून लोर्ना खुनाच्या कादंबऱ्या लिहायची. जो डोक्यात जाईल त्याला नाव बदलून पुस्तकात ठार करायची, आणि गाव त्याला बरोबर ओळखायचं. आता ही कोर्टात खेचणार!

"पाद्र्याला बुडवलंस, दंतवैद्याला विष घातलंस," इडिथ कडाडली. "नाताळापुरत्या येणाऱ्या माझ्या बहिणीलासुद्धा जिन्यावरून ढकललंस! मी इतकी वर्षं शेजारी राहते, मग मलाच का नाही मारलंस? मी काय घोडं मारलंय तुझं?"

"अगं, ज्यांचा राग येतो त्यांनाच मारते मी," लोर्ना म्हणाली. "तू तर माझी मैत्रीण."

इडिथचे डोळे भरून आले. ती अंगणात गेली आणि लोर्नाचे जिवापाड जपलेले गुलाब कात्रीने सपासप छाटू लागली.

"मेले, पहिल्याच पानावर मारीन तुला!" लोर्ना खिडकीतून किंचाळली.

इडिथचा चेहरा उजळला. "पहिल्याच नको गं," ती लाजून म्हणाली, "चार प्रकरणं तरी जगू दे."