साठच्या वर नाही

लेकीची तेरवी झाल्यावर वामनराव शंकर नगरच्या गॅरेजात आले आणि तिथूनच नेलेलं मोबाइलएवढं ट्यूनर त्यांनी टेबलावर ठेवलं. पोट्टे असल्या यंत्रानं गाडीचा जोर वाढवतात. त्यांनी मात्र लेकीला न सांगता तिची गाडी साठच्या वेगावर अडवून ठेवली होती. “ठेव, दुसऱ्या कोणाच्या कामी पडन,” ते म्हणाले. मेकॅनिकनं बटण दाबलं. “काका, हे त्याच गाडीशी जुळून आहे. तिच्यात कंपनीची सेटिंग परत टाकल्याशिवाय दुसरीले चालत नाही.” “गाडी भंगारात गेली.” अभनपूर रोडवर ओव्हरटेक करताना ती ट्रकच्या पुढे निघालीच नव्हती आणि समोरून बस आली होती. स्क्रीनवर साठचा आकडा तसाच होता. “पण लोक तं म्हणतात, दीदी लय जोरात चालवून राहिली होती,” मेकॅनिक बोलला. “हव,” वामनराव म्हणाले, “सगळ्याइले मीच तसं सांगून राहिलो.”